माराची गर्दी नको रे बाबा! रुआहा, न्येरेरे की लुआंग्वा?

केतकीचं_बन | १२ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, शेवटी धागा काढतेच.

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही केनियातल्या मसाई माराला जाऊन आलो. प्राणी भरपूर दिसले, त्याबद्दल तक्रार नाही. पण विल्डबीस्ट नदीत उतरणार म्हणून काठावर अडीच तास उभे होतो, तेव्हा लेकीने गाड्या मोजायला घेतल्या आणि ४७ वर कंटाळून सोडून दिल्या. एकदाचा कळप उताराशी आला, तशा सगळ्या गाड्या एकदम पुढे धावल्या, जनावरं बिचकली आणि माघारी फिरली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आमचा ड्रायव्हरही त्यात पहिल्या रांगेत, आणि संध्याकाळी "बघा कशी जागा मिळवून दिली" म्हणून बक्षिसीची अपेक्षा! ताडोब्यात वाघ रस्त्यावर आला की जिप्सींची झुंबड उडते तशीच ही, फक्त गाड्या मोठ्या आणि बिल डॉलरमध्ये.

आता पुन्हा जायचं घाटतंय, पण शांत ठिकाणी. आम्ही चौघं: मी, नवरा, १३ वर्षांची लेक आणि ६७ वर्षांच्या सासूबाई (गुडघे जरा कुरकुरतात, उत्साह आमच्यापेक्षा जास्त). सगळे शाकाहारी, नवरा अंड्यापर्यंत. हाताशी दिवस ९-१०, खर्चाची तयारी चौघांत मिळून ९ ते १० लाख. लेकीने ताडोब्यात कोळसुंदे पाहिल्यापासून तिला आफ्रिकेतले जंगली कुत्रे पाहायचे आहेत.

वाचून वाचून तीन नावं उरली आहेत: टांझानियातलं रुआहा, टांझानियातलंच न्येरेरे (जुनं सेलूस) आणि झांबियातलं दक्षिण लुआंग्वा. कोणी गेलंय का? आणि शाळेच्या सुट्टीत बसेल असं काही आहे का?

खडूस_काका | १२ जानेवारी

गर्दी टाळायला देश बदलायची गरज नाही, एवढं आधी नोंदवतो. माराच्या राखीव क्षेत्राला लागूनच नाबोईशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्वन्सी आहेत. जमीन मसाई कुटुंबांची, कँपवाल्यांनी भाड्याने घेतलेली. तिथल्या कँपात राहणाऱ्यांनाच प्रवेश, एका प्राण्याजवळ किती गाड्या थांबाव्यात यावर बंधन, रात्रीची फेरी आणि पायी हिंडणंही चालतं. प्राणी तेच, कारण मध्ये कुंपण नाही.

तुम्ही ऑगस्टमध्ये, नदीकाठी, सगळे जातात त्याच जागी गेलात आणि गर्दी होती म्हणता. पंढरपुरात आषाढीला जाऊन गर्दीची तक्रार करण्यासारखं आहे.

आणि हो, २०२४ पासून मारा राखीव क्षेत्राचं परदेशी पाहुण्यांचं तिकीट जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आहे. माणशी.

केतकीचं_बन | १२ जानेवारी

काका, आषाढीचा टोला मान्य :) पण कॉन्झर्वन्सीतल्या कँपांचे दर पाहिले आणि घाम फुटला.

बाभूळबन | १३ जानेवारी

रुआहाला दोनदा गेलो आहे, एकदा सप्टेंबरात आणि एकदा फेब्रुवारीत. सविस्तर लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी आकार. रुआहा राष्ट्रीय उद्यान २० हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. ताडोबा-अंधारीचा गाभा आणि बफर मिळून १,७२७. म्हणजे असे अकरा ताडोबे मावतील. अख्खा पुणे जिल्हा आत ठेवला तरी जागा उरेल. आणि एवढ्या जागेत कँप किती? बोटांवर मोजता येण्याच्या थोडे पुढे. बहुतेक सगळे ग्रेट रुआहा नदी आणि तिला मिळणाऱ्या म्वागुसी नदीच्या पट्ट्यात. बाकीच्या जंगलात कोणी जातच नाही.

हेहे लोकांच्या भाषेत रुआहा म्हणजे नदीच. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात जाल तर नदी म्हणजे वाळूचा रुंद रस्ता आणि मधूनमधून डबकी. त्या डबक्यांत पाणघोडे एकमेकांना चिकटून, चिखलात लोळत, भांडत पडलेले. म्वागुसी तर पूर्ण कोरडी. तिथे हत्ती येतात, सोंडेने आणि पायाने वाळू उकरतात, खड्डा करून थांबतात. पाणी झिरपून वर येतं. मग एक एक सोंड. आमच्या मराठवाड्यात नदीत झिरा काढतात तसंच तंतोतंत. हत्ती गेला की त्याच झिऱ्यावर बबून येतात, मग इंपाला हरणं, मग गिनीफाऊल. आम्ही एका झिऱ्याजवळ सकाळचे दोन तास गाडी बंद करून बसलो. त्या दोन तासांत दुसरी गाडी आली नाही.

झाडं म्हणाल तर बाओबाब. टेकड्यांच्या टेकड्या बाओबाबने भरलेल्या. कोरड्या दिवसांत हत्ती त्यांची साल सोलून आतला ओला गाभा खातात, त्यामुळे बहुतेक बुंधे कंबरेपासून दीड-दोन पुरुष उंचीपर्यंत ओरबाडलेले दिसतात.

रुआहा पूर्व आफ्रिका आणि आफ्रिका खंडाचा दक्षिण भाग यांच्या वेशीवर आहे, म्हणून दोन्हीकडचे प्राणी एकत्र भेटतात. मोठा कुडू आणि छोटा कुडू ही दोन्ही हरणं एकाच जंगलात. रोन आणि सेबल ही हरणंही इथे आहेत, मात्र सहज दिसत नाहीत. सिंहांचे कळप मोठे, रानम्हशी मारणारे. जंगली कुत्रे आहेत. गेंडा नाही, आधीच सांगून ठेवतो.

आता वाईट बाजू, कारण ती कोणी लिहीत नाही.

एक म्हणजे त्सेत्से माशी. नदीकाठी त्रास कमी, पण झाडीत शिरलात की डझनांनी येतात आणि कपड्यावरून चावतात. निळे-काळे कपडे अजिबात नकोत, त्या रंगांवर त्या झेपावतात. उद्यानात जागोजागी झाडांना निळे-काळे कापडी चौकोन टांगलेले दिसतात, ते औषध लावलेले सापळे असतात. आमचा गाईड डब्यात हत्तीचं वाळलेलं शेण पेटवून गाडीच्या मागे धूर करायचा. गोठ्यात करतात तसा. बऱ्यापैकी उपयोग झाला.

दुसरं म्हणजे धीर. टांझानियातल्याच सेरेंगेटीच्या गवतात दोन किलोमीटरवरचा चित्ता दिसतो. इथे झाडी आहे, वाळत घातलेल्या हातरुणासारखं सगळं समोर पसरलेलं नाही. गाड्या कमी म्हणजे "तिकडे बिबट्या आहे" सांगणारे वायरलेसही कमी. गर्दी गेली की गर्दीची माहितीही जाते. गाईड चांगला हवा, नाहीतर दिवसभर इंपाला मोजा.

फेब्रुवारीत सगळं हिरवंगार होतं, पक्षी अप्रतिम, पण हत्ती पांगलेले, रस्ते चिखलाचे. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत बरेच कँप बंदच असतात. त्यामुळे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीचा इथे उपयोग नाही. तुम्हाला शाळा सांभाळायची तर दिवाळीच्या आसपासचा ऑक्टोबर. कडक ऊन, पण पाणी सर्वांत कमी, म्हणून प्राणी नदीवर एकवटलेले.

निवांत_नाना | १३ जानेवारी

वाचनखूण साठवली. "गर्दी गेली की गर्दीची माहितीही जाते" याच्याशी सहमत. फोटो टाका की राव.

सरळसोट | १३ जानेवारी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दहा लाख खर्चून दिवसभर इंपाला मोजायचे? पहिल्यांदा जाणाऱ्याने सेरेंगेटी-न्गोरोंगोरोच करावं. गर्दी आहे कारण तिथे प्राणी आहेत. हॉटेलात रांग असते तिथलंच जेवण चांगलं असतं.

बाभूळबन | १३ जानेवारी

पहिल्यांदा जाणाऱ्याला मीही तेच सांगेन. धागाकर्तीची ही दुसरी खेप आहे.

दारेसलामकर | १४ जानेवारी

इथे दारमध्ये (दार-एस-सलाम) ११ वर्षं झाली नोकरीनिमित्त. माझ्याकडून प्रवासाची बाजू.

मुंबईहून दारला थेट विमान आहे. भारतीयांना टांझानियाचा ई-व्हिसा मिळतो, साध्या पर्यटक व्हिसाचे ५० डॉलर. प्लास्टिकच्या पिशव्या २०१९ पासून बंद आहेत, सामान भरताना दुकानातल्या पातळ पिशव्या काढून टाका.

न्येरेरे दारहून सर्वांत जवळ. हे २०१९ मध्ये सेलूस अभयारण्याच्या उत्तर भागातून वेगळं काढलेलं राष्ट्रीय उद्यान, रुआहापेक्षाही मोठं, ३० हजार चौरस किलोमीटरच्या वर. खासियत म्हणजे रुफिजी नदी आणि तिची तळी, बोटीतून सफारी. मगरी, पाणघोडे, किंगफिशर, पाण्यावर आलेले हत्ती, सगळं बसल्या जागी. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांना हे सर्वांत सोयीचं. जंगली कुत्र्यांसाठीही सेलूस पूर्वीपासून प्रसिद्ध. पण दोन गोष्टी. झांझिबारहून विमानाने एका दिवसात येऊन जाणारे पर्यटक आता बरेच वाढलेत, त्यामुळे म्तेमेरे फाटकाजवळच्या तळ्यांपाशी पूर्वीची शांतता नाही. आणि रुफिजीवर स्टिग्लर्स घळीत २,११५ मेगावॉटचं धरण बांधलंय, त्यामुळे तो भाग आता वेगळा दिसतो.

रुआहाला रस्त्याने जायचे दोन मार्ग. पहिला दार-मोरोगोरो-इरिंगा, साधारण ५०० किमी, पण नऊ-दहा तास धरा. ट्रक फार, आणि प्रत्येक गावात ताशी ५०ची मर्यादा. पांढऱ्या गणवेशातले पोलीस झाडामागे वेगमापक घेऊन उभे. फायदा एकच, महामार्ग मिकुमी राष्ट्रीय उद्यानाच्या मधून जातो, फुकटात जिराफ-झेब्रे दिसतात.

दुसरा मार्ग आता सुचवतो. २०२४ पासून दार ते डोडोमा नवी विजेची रेल्वे सुरू झाली आहे. चारेक तासांत डोडोमा. तिथून इरिंगा २६० किमीच्या आसपास, डांबरी रस्ता, म्तेरा धरणावरून जातो. इरिंगात मुक्काम करा. थंड हवेचं टुमदार गाव आहे. तिथून उद्यानाचं म्सेम्बे मुख्यालय १३० किमी, त्यातला बराच भाग कच्चा. परत येताना म्सेम्बेच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने दार. सामान माणशी १५ किलो, मऊ बॅगेतच. चाकाची कडक बॅग ते घेत नाहीत.

ऑक्टोबरच्या शेवटी इथे निवडणूक आहे. त्याआधी परत निघा, एवढंच म्हणतो.

अवांतर: स्वाहिली घड्याळ जपून. इथे दिवस सकाळी सहाला सुरू होतो. "सा मोजा" म्हणजे पहिला तास, म्हणजे आपले सात. माझ्याकडे पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी ड्रायव्हरला मोडक्या स्वाहिलीत "सा कुमी ना म्बिली" सांगितलं, दुपारी बाराला या असं त्यांच्या मनात. तो सकाळी सहाला दारात हजर, आणि हे झोपेत.

बाकी भाषा सोपी आहे हो. पेसा म्हणजे पैसे, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा, चाय आणि चपाती तर आहेतच, आणि कचुंबारी म्हणजे कांदा-टोमॅटोची कोशिंबीर.

पाऊलखुणा | १५ जानेवारी

लुआंग्वाकडून कोणीच बोलेना, म्हणून मी.

तुम्ही तिघेही गाडीतून काय दिसतं याबद्दल बोलताय. दक्षिण लुआंग्वा चालण्यासाठी आहे. पायी सफारी ही कल्पनाच या खोऱ्यात रुजली. नॉर्मन कार नावाच्या वनाधिकाऱ्याने १९५० च्या दशकात लोकांना बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन चालायला न्यायला सुरुवात केली, आणि त्यातले पैसे तिथल्या कुंडा लोकांच्या प्रमुखाकडे जातील अशी सोयही केली.

पुढे बंदूकधारी वनरक्षक, मग गाईड, मग तुम्ही एका ओळीत, आणि शेवटी पाण्याच्या बाटल्या घेतलेला माणूस. बोलायचं नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं की गाडीतून आपण जंगलाचा वास कधी घेतलाच नव्हता. वाळवीच्या वारुळाला हात लावला की आत कुठे ओल आहे ते कळतं. तरसाची विष्ठा पांढरी का (हाडं खातो म्हणून), हत्तीच्या ठशावरच्या भेगा बोटांच्या ठशांसारख्या वेगळ्या कशा, यात सकाळ जाते. चार तासांत आम्ही "बघितलं" म्हणावं असं एक जिराफ आणि लांबून रानम्हशी. तरी परतल्यावर कोणी बोलेना.

रात्रीची फेरी राष्ट्रीय उद्यानाच्या आत चालते, म्हणून बिबट्यांसाठी ही जागा नावाजलेली. थॉर्निक्रॉफ्ट जिराफ जगात फक्त याच खोऱ्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरात नदीच्या उभ्या काठात किरमिजी वेडे राघू बिळं करतात, शेकड्यांनी. काठ लाल दिसतो. मफुवे गावाला विमानतळ आहे, राजधानी लुसाकाहून तासाभराचं उड्डाण.

पण केतकीताई, तुमच्या घरच्यांना हे जमेलसं वाटत नाही. पायी सफारीला बहुतेक कँप १२ वर्षांखाली नेत नाहीत, लेक त्यात बसते. सासूबाई कँपात एकट्या राहतील. आणि मुंबईहून थेट विमान नाही, जाता-येता दोन दिवस जातील. माझं लुआंग्वावर प्रेम आहे म्हणूनच सांगतो, तुमच्यासाठी नाही.

केतकीचं_बन | १५ जानेवारी

किती छान लिहिलंय. हे वाचून नवरा म्हणतोय की आईला विचारू या, ती चालेल. आई म्हणाल्या, "हत्ती मागे लागला तर धावायचं का?"

पाऊलखुणा | १५ जानेवारी

धावायचं नाही, हाच पहिला नियम. त्यांना सांगा, गुडघ्यांचा प्रश्न मिटला :)

ऊसवाला | १७ जानेवारी

मी आफ्रिका पाहिलेली नाही. पण दहा वर्षं पाण्याच्या वाटपावर काम केलंय, म्हणून रुआहाची कोरडी नदी वाचून राहवेना.

बाभूळबन यांनी झिऱ्याचं वर्णन सुंदर केलंय. पण ग्रेट रुआहा ही नदी पूर्वी बारमाही होती. १९९३ पासून ती कोरड्या दिवसांत उद्यानात आटू लागली. वरच्या अंगाला उसांगूचं सपाट मैदान आहे, तिथे भाताची सिंचनाखालची शेती वाढली, गुरं वाढली, इहेफूची दलदल आक्रसली. खाली म्तेरा आणि किदातूची जलविद्युत धरणं. म्हणजे वर भात, मध्ये हत्ती, खाली वीज, आणि पाणी तेवढंच. आपल्याकडे वरचं धरण आणि खालचा तालुका यांचं जे चालतं त्यात फक्त हत्तीची भर.

त्यावर उपाय काय काढला? २००६ मध्ये उसांगूतून गुराख्यांना हलवलं आणि २००८ मध्ये तो भाग उद्यानात घातला. रुआहा "मोठं" झालं ते असं. अलीकडे दक्षिणेतलं पर्यटन वाढवायला जागतिक बँकेने १५ कोटी डॉलरचा प्रकल्प हाती घेतला होता. रुआहाभोवतीच्या गावकऱ्यांना मारहाण, गुरांची जप्ती, हुसकावणं असे आरोप झाले, चौकशी लागली. एप्रिल २०२४ मध्ये बँकेने पैसे थांबवले, नोव्हेंबरात प्रकल्पच गुंडाळला.

जाऊ नका असं म्हणत नाही. पण "इथे कोणी नसतं" हे कौतुकाने लिहिताना तिथे आधी कोण होतं, तेही धाग्यात असू द्या.

सरळसोट | १७ जानेवारी

आता सुट्टीतही अपराधी वाटून घ्यायचं का?

बाभूळबन | १८ जानेवारी

सरळसोट, अपराधी नको, पण ऊसवाला बरोबर आहेत. मी पहिल्या खेपेला त्या कोरड्या वाळूचे फोटो काढत होतो आणि गाईड म्हणाला, "माझ्या वडिलांनी इथे ऑक्टोबरात वाहतं पाणी पाहिलंय." तेव्हा माझा कॅमेरा खाली आला होता. ते वर लिहायला हवं होतं.

आणखी एक. पर्यटक कमी म्हणजे लक्ष ठेवणारे डोळेही कमी. सेलूसमध्ये १९७६ च्या गणनेत एक लाखावर हत्ती होते, २०१३ मध्ये १३ हजारांच्या आसपास. हे जगाच्या एका प्रसिद्ध अभयारण्यात घडलं. त्यामुळे तुमचे डॉलर अशा ठिकाणी जास्त मोलाचे, असं माझं मत.

गावकऱ्यांच्या बाजूने एक चांगला प्रयोगही आहे. २००९ मध्ये एमी डिकमन या संशोधिकेने रुआहाभोवती मांसाहारी प्राण्यांवर काम सुरू केलं. सिंहाने गाय मारली की भाला किंवा विष, हे नेहमीचं. त्यांनी गावांनाच कॅमेरा ट्रॅप दिले. कॅमेऱ्यात आलेल्या प्रत्येक वन्यप्राण्यामागे गावाला गुण, आणि गुणांनुसार शाळा, दवाखाना, गुरांची औषधं यासाठी मदत. गावागावांत चुरस लागते म्हणे.

मेतकूट_भात | १९ जानेवारी

गंभीर चर्चेत जेवण घुसवते, माफ करा. शाकाहारींनी टांझानियात उपाशी राहायचं कारण नाही. वाली म्हणजे भात, महारागे म्हणजे नारळाच्या दुधातला राजमा, म्चिचा म्हणजे चक्क माठाची भाजी. चपाती आपल्यापेक्षा तेलकट, पराठ्यासारखी. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) एकदाच खाऊन बघा. कँपला "शाकाहारी" एवढंच कळवू नका, "मासा नाही, चिकन नाही, सूपसुद्धा हाडांचं नाही" असं लिहून द्या. माझ्या पुढ्यात पहिल्या दिवशी शाकाहारी म्हणून मासा आला होता.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. केनिया किंवा इथिओपियात मुक्काम होत असेल तर पीतज्वराची लस आणि पिवळं कार्ड हवंच, नाहीतर परतल्यावर मुंबई विमानतळावर अडवतील. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रातच. एकदा घेतली की जन्मभर चालते. आणि सासूबाई आहेत म्हणून सांगते, आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं पर्यटकांसाठीचं अल्प मुदतीचं संरक्षण घ्या. जंगलातून उचलून मोठ्या रुग्णालयात नेणारं विमान ही चैन नव्हे.

केतकीचं_बन | २६ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी तीन रविवार वाद झाला. ठरलंय ते असं: रुआहा, ५ रात्री, १० ते १९ ऑक्टोबर. जाताना रेल्वेने डोडोमा, मग इरिंगा, येताना विमान. लेकीची चार दिवस शाळा बुडणार, पण दिवाळीला घरी. न्येरेरेही जोडायचा मोह होता, पण दोन ठिकाणी धावाधाव करण्यापेक्षा एकाच जागी बसायचं, हे बाभूळबन यांच्या दोन तासांच्या झिऱ्यावरून ठरलं. प्रवेश शुल्कातही फरक आहे, रुआहाला दिवसाला ३० डॉलर, हंगामातल्या सेरेंगेटीला ७०, वर व्हॅट. तो फरक आम्ही कँपात घातला.

काका, नाबोईशो लॉटरी लागल्यावर.

खडूस_काका | २६ जानेवारी

मला तिकिटाचा नंबर पाठवा, मी प्रार्थना करतो.

केतकीचं_बन | ९ नोव्हेंबर २०२५

धागा वर काढतेय. आलो एकदाचे! १९ तारखेला परतलो आणि दहा दिवसांत तिकडे निवडणुकीचा गोंधळ, दारमध्ये संचारबंदी, इंटरनेट बंद. दारेसलामकर, तुमचा निरोप मिळाल्यावरच जीव भांड्यात पडला. "त्याआधी निघा" हे तुमचं एक वाक्य आम्ही ऐकलं, हे किती बरं झालं.

आता वृत्तांत, जसा आठवेल तसा.

रेल्वे झकास. डोडोमा ते इरिंगा रस्ताही. इरिंगाजवळ इसिमिला म्हणून अश्मयुगीन हत्यारं सापडलेली जागा आहे, मातीचे उंच सुळके उभे आहेत. लेकीला ते सिंहांपेक्षा आवडले असं ती आता म्हणते, पण तिच्या बोलण्याला कारण आहे, ते पुढे.

पहिला दिवस फसला. दुपारी ऊन मी म्हणत होतं, त्सेत्से माशांनी नवऱ्याचा घोटा सुजवला (निळे मोजे! सांगूनही!) आणि दिसले काय, तर इंपाला. मला सरळसोट यांची फार आठवण आली. रात्री नवरा म्हणाला, "पाच दिवस असंच?" मी झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी म्वागुसीच्या वाळूत गाडी बंद करून बसलो. एक हत्तीण पिलाला घेऊन आली. तिने झिरा उकरला, पाणी यायला वेळ लागला, पिलू मध्येच सोंड घालून वाळू परत आत पाडायचं. तिने त्याला तीनदा बाजूला ढकललं. चौथ्यांदा ढकललं ते जरा जोरातच, आणि सासूबाई हळूच म्हणाल्या, "आता रडेल बघ." ते खरंच किंचाळलं. गाईडला मराठी येत नाही, पण तो हसला.

चौथ्या दिवशी पहाटे रानम्हैस मारलेली, १४ सिंह, त्यातली पिल्लं पोटं फुगवून पसरलेली. दोन गाड्या होत्या, आमची आणि आणखी एक. दुसरीने अर्ध्या तासाने हात केला आणि निघून गेली. मग फक्त हाडं चावल्याचा आवाज. लेकीने पाच दिवसांत फेऱ्यांवर भेटलेल्या एकूण गाड्या मोजल्या, ११. माराच्या एका काठावर ४७ मोजून सोडल्या होत्या.

जंगली कुत्रे दिसले नाहीत. गाईडने वाळूत ठसे दाखवले, पहाटेचेच होते. जून ते ऑगस्टमध्ये ते पिल्लांसाठी बिळाजवळ थांबतात तेव्हा सापडणं सोपं, नंतर दिवसाला मैलोन् मैल फिरतात, असं त्याने सांगितलं. हे मी आधी विचारायला हवं होतं. लेक एक अख्खी दुपार कोणाशी बोलली नाही.

ऊसवाला, तुमच्यासाठी: नदी पूर्ण तुटली होती. एका डबक्यात मी साठापर्यंत पाणघोडे मोजले, दोन मेलेले होते, वास सहन होत नव्हता. आम्ही गाईडला उसांगूबद्दल विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला की त्याच्या मामाची गुरं तिकडे होती. पुढे आम्ही विचारलं नाही.

परतीचं छोटं विमान साडेचार तास उशिरा आलं, कोणी काही कळवलं नाही. धावपट्टीवर सावली एकाच झाडाची, आणि ते झाड बाओबाब, ज्याला तेव्हा पानंच नव्हती.

त्या झाडाचीच एक गोष्ट. पहिल्या संध्याकाळी सासूबाई बाओबाबकडे बघत म्हणाल्या, "अगं ही तर गोरखचिंच!" त्यांचं माहेर वसईचं. लहानपणी त्यांच्याकडे अशीच एक जाडजूड गोरखचिंच होती, तिच्या आंबट फळासाठी त्या दगड मारायच्या. आफ्रिकेतून व्यापाऱ्यांबरोबर हे झाड आपल्या किनाऱ्यावर आलं म्हणतात, पण त्या हे ऐकायला तयार नाहीत. त्यांच्या मते आमचीच इकडे आली. गाईडने स्वाहिली नाव सांगितलं म्बुयू. पुढचे चार दिवस दोघं एकमेकांना झाडं दाखवत "म्बुयू!" "गोरखचिंच!" असं करत होते.

दारेसलामकर | १० नोव्हेंबर

सगळे सुखरूप, हेच मोठं. काकूंना दारमध्ये उबुयू मिळाले की नाही? त्याच फळाच्या बिया, साखरेत घोळवून लाल रंग दिलेल्या. शाळेबाहेर पोरं खातात.

पाऊलखुणा | १० नोव्हेंबर

वृत्तांत आवडला. लेकीला सांगा, जुलैत लुआंग्वा. आता मी तुम्हाला नको म्हणणार नाही.

केतकीचं_बन | १० नोव्हेंबर

@पाऊलखुणा, तिने तुमचा प्रतिसाद वाचून भिंतीवर चिकटवलाय. जुलैत शाळा असते हे तिला सांगायचं काम बाबांकडे दिलंय.

@दारेसलामकर, मिळाले! सासूबाईंनी अर्धा किलो आणले आणि भाऊबीजेला सगळ्यांना वाटले. घरातल्या सगळ्यांच्या जिभा लाल, आणि थोरल्या नणंदेचं म्हणणं, वसईच्या फळाला जास्त आंबटपणा होता.